आयुष्याला पुरेल असं कापड

माझ्या शर्टाची उजवी बाही खांद्यापासून सुटली, तेव्हा मी एका गृहस्थांना शांत राहण्याचा सल्ला देत होतो.

मी वीज कंपनीच्या तक्रार खिडकीवर बसतो. एकवीस वर्षं बसतोय. या खिडकीवर बसणाऱ्या माणसाजवळ दोनच गोष्टी लागतात, कोडगेपणा आणि इस्त्रीचा शर्ट. कोडगेपणा सवयीने येतो. शर्ट मी फोनवरून मागवत असे, सेल लागला की एकावर दोन फुकट. तर ते गृहस्थ चार दिवस अंधारात होते आणि साहजिकच ओरडत होते. ‘जरा शांत व्हा’ म्हणून मी हात वर केला. टर्रकन आवाज झाला. हात वर गेला, बाही खालीच राहिली. गृहस्थ गप्प झाले. त्यांच्यामागची रांगही गप्प झाली. मग ते खिडकीत वाकले आणि अगदी मायेने म्हणाले, “साहेब, आधी तुमची तक्रार लिहून घ्या. मी थांबतो.”

एकवीस वर्षांत त्या खिडकीतून माझ्याशी कोणी मायेने बोललं नव्हतं. बाहीपेक्षा तेच जास्त लागलं.

बाही मी स्टेपलरने जोडली. सोळा पिना लागल्या. कचेरीच्या पिना खाजगी कामाला वापरण्याचा माझ्या आयुष्यातला हा एकमेव प्रसंग, आणि तोही टोचत टोचत भोगला. घरी गेलो तर बायकोने दार उघडून खांद्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “कोणाशी मारामारी केलीत की काय?”

“शर्ट फाटला.”

“हा तर मागच्या महिन्यात आला होता.”

आतून आमची मुलगी आली. कॉलेजचं शेवटचं वर्ष, त्यामुळे जगातल्या प्रत्येक गोष्टीवर तिचं मत तयार असतं. आणि वाईट म्हणजे ते बहुतेक वेळा बरोबर निघतं. “बाबा,” ती म्हणाली, “तुम्ही कपडे घेतच नाही. तुम्ही कचरा घेता. फक्त मधले दोन महिने तो अंगावर ठेवता.”

मग तिने माझं कपाट पलंगावर ओतलं. एकतीस शर्ट निघाले. त्यांतले घालण्याजोगे चार. बाकीच्यांत कुणाची कॉलर सुटलेली, कुणाच्या काखेत खिडकी, एकाची सगळी बटणं गेलेली, आणि एक तर धुतल्यावर इतका आटलेला की तो माझा होता हे मलाच पटेना. फरशी पुसायला दोन घेऊन पाहिले. त्यांनी पाणीसुद्धा टिपलं नाही. माझ्या अंगाला नाही तर नाही, निदान फरशीला तरी उपयोगी पडावं, तेही नाही.

“कमी घ्या, चांगलं घ्या, उसवलं तर शिवा,” मुलगी म्हणाली. “एकच घ्या, पण वर्षानुवर्षं जाईल असं.”

तत्त्वं मला फार लवकर पटतात, हा माझा जुना आजार आहे. मी त्याच पलंगाशी उभा राहून जाहीर केलं की यापुढे माझ्या अंगाला लागेल ते कापड आयुष्यभराचं. बायको शर्टांच्या घड्या घालत होती. ती म्हणाली, “आधी जेवून घ्या.” मोठ्या निर्णयांची आमच्या घरात अशीच नोंद होते.

दुसऱ्या दिवशी ही बातमी वरच्या मजल्यावर गेली. तिथे एक निवृत्त गृहस्थ राहतात. प्रत्येक वाक्य ते ‘माझा अनुभव सांगतो’ असं सुरू करतात, म्हणून सगळी इमारत त्यांना अनुभवी म्हणते. अनुभवी खाली आले, खुर्ची ओढून बसले आणि माझ्या बाहीचं कापड दोन बोटांत धरून नाक मुरडलं.

“माझा अनुभव सांगतो. तयार कपडा म्हणजे फसवणूक. कापड घ्यायचं आणि शिंप्याकडून शिवून घ्यायचं. छापखान्यामागे जिन्याखाली एक म्हातारा शिंपी आहे. त्याने शिवलेली पँट माझ्या मेव्हण्याने सव्वीस वर्षं घातली.”

“मग?”

“मग मेव्हणा गेला. पँट आहे.”

एवढ्या भक्कम शिफारशीनंतर थांबण्यात अर्थ नव्हता.

शिंप्याचं दुकान जिन्याखाली इतकं आत होतं की भर दुपारी पिवळा दिवा लावावा लागे. म्हातारा पँटच्या तळाला टीप मारत होता. नवं काही शिवत नाही म्हणाला. आता लोक फक्त उंची कमी करायला येतात. सगळं गाव बुटकं झालंय की काय कळत नाही. मी त्याला बाहीची हकीकत सांगितली. त्याने मशीन थांबवलं. चष्मा कपाळावर सरकवून माझ्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं.

“किती वर्षं टिकायला हवंय?”

“आयुष्यभर,” मी बाणेदारपणे म्हणालो.

त्याने मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. माझं पोट पाहिलं, चालत येऊन लागलेली धाप ऐकली आणि म्हणाला, “मग फार जाड कापड नको.”

मला राग आला. रागाच्या भरात माणूस जाड कापड घेतो. मी म्हणालो, “असेल त्यातलं सगळ्यात जाड दाखवा.” तो शिडीवर चढला आणि अगदी वरच्या फळीवरून धुळीने माखलेला एक तागा त्याने खाली ढकलला. तो जमिनीवर आदळला तेव्हा जिना हादरला. पिवळ्या दिव्याखाली कापड सुरेख राखाडी दिसत होतं. “हे कापड बनवणारी गिरणी बंद पडली,” शिंपी म्हणाला. “बंद पडायचं कारणही हेच. एकदा घेतलं की गिऱ्हाईक परत यायचं नाही.” मी ते दोन्ही हातांनी ओढून पाहिलं. ते मुळीच ताणलं नाही. माझंच बोट लचकलं.

या जाडीचा शर्ट होत नाही, सूटच होतो, असं सांगून तो सूट शिवायला त्याने सात आठवडे लावले. घाई केली तर म्हणायचा, “आयुष्यभराचं काम आहे. सात आठवडे म्हणजे काही नाही.” प्रत्येक शिवण दुहेरी, पक्क्या सुती दोऱ्याची आणि बाहेरून दिसेल अशी. खिशांना झाकणं, म्हणजे खिशाचं तोंड फाटत नाही. खांद्यावर त्याच दोऱ्याने विणलेले बटणाचे पट्टे, म्हणजे खांदा झिजत नाही. प्रत्येक गोष्टीमागे कारण होतं, आणि कारण दिलं की मी मान डोलावत होतो. बिलाचा कागद मी न वाचताच खिशात घातला.

सूट घालून मी बायकोपुढे उभा राहिलो. तिने बराच वेळ पाहिलं.

“छान आहे,” ती म्हणाली. “पण तुम्ही कोणासारखे तरी दिसता. आठवत नाही कोणासारखे.”

कोणासारखा ते कचेरीच्या फाटकाशी कळलं. उन्हात ते कापड राखाडी नव्हतं, निळसर होतं. मी आत शिरत होतो, इतक्यात एक गाडी थांबली, आतून एक बाई उतरल्या, माझ्या हातात किल्ली ठेवली आणि “सावलीत लावा” म्हणून तरातरा निघून गेल्या. मला गाडी चालवता येत नाही. मी किल्ली घेऊन अर्धा तास उन्हात उभा राहिलो. तेवढ्या वेळात तिघांनी मला पाण्याची जागा विचारली आणि एका साहेबांनी “खुर्ची उचल रे ती” असं फर्मावलं. ते साहेब आमचेच होते. अकरा वर्षं मी त्यांच्या सहीसाठी त्यांच्या टेबलापुढे उभा राहिलोय. तेव्हाही त्यांनी माझा चेहरा पाहिला नव्हता हे मला त्या दिवशी समजलं. खुर्ची मी उचलली. नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, पण तोवर ते गेले होते.

आठव्या दिवशी गणवेश विभागाची नोटीस आली. विभाग तिसऱ्या मजल्यावर आहे आणि त्यात एकच कारकून आहे. हक्क नसताना रखवालदाराचा गणवेश वापरल्याबद्दल तीन दिवसांत खुलासा करा, असं त्यात होतं. मी वर गेलो.

“हा गणवेश नाही. सूट आहे.”

“खांद्यावर पट्टे कशाला?”

“झिजू नये म्हणून.”

कारकुनाने पेन खाली ठेवलं. “बसलेल्या माणसाचा खांदा कशाने झिजतो?”

एकवीस वर्षांच्या नोकरीचं सार कोणी इतक्या थोडक्यात सांगेल असं वाटलं नव्हतं. त्याने सूट असल्याचा पुरावा मागितला. मी विजयी मुद्रेने शिंप्याचं बिल पुढे केलं. त्याने ते वाचलं आणि उलटं करून माझ्यासमोर धरलं. वरच्या बाजूला ठळक अक्षरांत छापलेलं होतं : ‘रखवालदार, शिपाई व बँडवाल्यांच्या गणवेशांचे खास शिंपी’.

“आता दोन मार्ग,” कारकून सहानुभूतीने म्हणाला. “एक, चौकशी. दुसरा, तुम्हाला गणवेश मिळाल्याची वहीत नोंद करतो. म्हणजे सगळं नियमात बसेल.”

चौकशी म्हणजे काय ते मला माहीत आहे. लोकांच्या चौकशा मीच तर पुढच्या महिन्यावर ढकलतो. मी सही केली. गणवेशाबरोबर ज्या वस्तू द्याव्या लागतात त्याही त्याने दिल्या, एक विजेरी आणि एक शिट्टी. मी नको म्हणालो. “परतीचा अर्ज निवृत्तीच्या वेळी,” तो म्हणाला, आणि दुपारचा डबा उघडला.

त्या इमारतीत मला ‘साहेब’ म्हणणारा एकच माणूस उरला : फाटकावरचा खरा रखवालदार. त्याने एक दिवस मला थांबवलं. मला वाटलं, हाही आता बिल्ला मागणार. पण त्याने नुसती माझी बाही चिमटीत धरली आणि सोडलीच नाही.

“साहेब, हे कापड कुठे मिळालं? पूर्वी आम्हाला हेच असायचं. एक जोड मी अकरा वर्षं घातला. आता ठेकेदार वर्षाला तीन देतो. तिन्ही मिळून वर्ष काढत नाहीत.” त्याने हात वर करून दाखवला. काखेत तीन टाचण्या होत्या. गणवेश दीड महिन्यापूर्वीचा होता.

“दादा, हा तुम्हीच घ्या,” मी म्हणालो. “खरंच घ्या. माझ्यावर उपकार होतील.”

तो हसला. “घालता येणार नाही हो. ठेकेदाराचा छापा नसला की त्या दिवसाची गैरहजेरी लागते.”

आम्ही दोघं फाटकात उभे होतो. ज्याला हे कापड हवं होतं त्याला ते घालायची मनाई होती, आणि ज्याला नको होतं त्याच्या नावावर ते वहीत चढलं होतं. इतक्यात एक गाडी आली. फाटक दोघांनी मिळून उघडलं.

घरी मी हे सांगितलं तेव्हा मुलीचे डोळे चमकले. “बघा बाबा! म्हणजे कापड खरंच चांगलं आहे!” चांगलं आहे यात वादच नव्हता. बायको म्हणाली, “रंगवून टाका. रंगच तर नडतोय.” अनुभवींचाही तसाच अनुभव निघाला. मी सूट रंगाऱ्याकडे नेला. काळा रंग संपला होता. गडद लाल आहे, पण वाळला की काळाच दिसतो, असं त्याने शपथेवर सांगितलं. चार दिवसांनी मी गेलो तर तो माझ्याआधीच मान हलवत होता.

“कापडाने रंग घेतला नाही. फार पक्कं कापड आहे.”

“मग?”

“दोऱ्याने घेतला.”

त्याने सूट उलगडला. कापड पहिल्याइतकंच निळसर होतं. पण त्यावरच्या सगळ्या दुहेरी शिवणी, खिशांच्या झाकणांच्या कडा, काजं, खांद्यावरचे पट्टे, सगळं लालभडक झालं होतं. जिथे तिथे लाल फीत लावल्यासारखं. दुसऱ्या दिवशी मी फाटकातून आत गेलो तेव्हा शेजारच्या बँकेच्या रखवालदाराने मला सलाम ठोकला. माझी बढती झाली होती.

अशात मुलीच्या पदवीदान समारंभाचं पत्र आलं. आई-बाबांसाठी दोन पास. मी बायकोला हळूच म्हणालो की त्या दिवसापुरता एखादा शर्ट फोनवरून मागवतो, कोणाला कळणार नाही. मुलीने ते ऐकलं.

“बाबा, तुम्ही सूटच घालायचा. माझ्या वर्गात मी सगळ्यांना सांगितलंय, माझ्या बाबांनी एकच सूट शिवलाय आणि ते तोच घालणार. सगळे नुसतं बोलतात. तुम्ही करून दाखवलंत.”

माझ्याबद्दल अभिमानाने कोणी काही सांगितल्याची ही पहिलीच वेळ. मी सूटला इस्त्री केली. इस्त्री गार पडली, सूट तसाच.

त्या दिवशी मायलेकी आधी गेल्या, कारण मुलीला झगा भाड्याने घ्यायचा होता. मी अर्धी रजा टाकून कचेरीतून परस्पर पोचलो. पास बायकोच्या पर्समध्ये, पर्स सभागृहात आणि फोन बंद ठेवण्याची सूचना प्रत्येक भिंतीवर. दारावरच्या माणसाने माझ्याकडे एक नजर टाकली आणि म्हणाला, “इकडून पाहुणे. स्टाफ मागून.”

“मी पाहुणाच आहे.”

“सगळे तेच म्हणतात. मागून जा.”

निदान आत तरी जाता येईल म्हणून मी मागून गेलो. आत वही घेतलेला एक जाडजूड पर्यवेक्षक घामाघूम होऊन फिरत होता. मला पाहून त्याचा जीव भांड्यात पडला.

“आलात? केव्हापासून वाट बघतोय! स्टेजच्या डाव्या पायऱ्यांपाशी उभे राहा. नाव पुकारल्याशिवाय कोणाला वर सोडायचं नाही.”

“अहो, मी एका मुलीचा बाप आहे.”

“मला दोन आहेत. उभे राहा!”

माझ्या खांद्यांवरच्या लाल पट्ट्यांपुढे माझ्या बोलण्याला काय किंमत? मी उभा राहिलो. सत्ताविसाव्या रांगेतून बायको हातवारे करत होती. शेजारची रिकामी खुर्ची तिने पर्स ठेवून धरून ठेवली होती. मी तिथून खुणेने ‘येतो’ म्हणालो. तिला ते ‘बस खाली’ असं वाटलं आणि ती बसली.

समारंभ सुरू झाला. नाव पुकारलं की मुलं पायऱ्यांशी यायची आणि वर जाण्याआधी हातातलं सगळं माझ्या हातात द्यायची. “काका, धरता का जरा?” पहिल्या अर्ध्या तासात माझ्याकडे चार पर्स, सहा फोन, एक पुष्पगुच्छ आणि कोणाचं तरी हेल्मेट जमलं. मी नाही कसं म्हणणार? त्यांच्या आयुष्यातला मोठा दिवस होता.

मग आमच्या मुलीचं नाव आलं.

ती झगा सावरत आली. भाड्याचा झगा, खालची शिवण उसवलेली, टाचेत अडकत होता. तिने हातातला फोन मला देण्यासाठी पुढे केला, वर पाहिलं आणि थबकली.

“बाबा?”

मागे रांग खोळंबली. आयुष्यात असे दोन-चारच क्षण येतात, तेव्हा बापाने काहीतरी बोलावं अशी अपेक्षा असते. मी म्हणालो, “पुढे चल. एकेकाने.”

हेल्मेट काखेत दाबून मी तिच्या झग्याचा लोंबणारा काठ उचलून धरला, आणि ती वर गेली. सत्ताविसाव्या रांगेतून ठिपक्याएवढं दिसलं असतं ते मी सहा हातांवरून पाहिलं. तिने हात पुढे केला. प्रमुख पाहुण्यांनी पदवीचा कागद दिला. ती हसली. मी सगळ्या पर्स, फोन, हेल्मेट आणि पुष्पगुच्छ पायरीवर ठेवले आणि टाळ्या वाजवू लागलो. जोरात. दोन्ही हात डोक्यावर नेऊन. सूट कुठेही उसवला नाही.

पर्यवेक्षक धावत आला आणि माझा दंड धरून दबक्या आवाजात म्हणाला, “काय चाललंय? ड्यूटीवर टाळ्या वाजवायच्या नाहीत!”

मी हात खाली घेतले.

समारंभ संपल्यावर त्याने वहीत सही घेतली, उद्याही याल का म्हणून विचारलं. बाहेर मुलीच्या मैत्रिणींनी फोटो काढले. दोन फोटो मीच काढले, कारण फोन मलाच दिले गेले. मग बसने घरी निघालो. बायको पुढच्या बाकावर पदवीची गुंडाळी मांडीवर सरळ धरून बसली होती. मुलगी माझ्या शेजारी बसली आणि दमून तिने माझ्या खांद्यावर गाल टेकला. पट्ट्याचं बटण टोचत असणार. तिने डोकं हलवलं नाही.

“बाबा, सॉरी,” ती पुटपुटली.

“कशाबद्दल?”

तिने डोळे मिटून घेतले. बस थांबली, गर्दी चढली. एका गृहस्थांनी माझ्यापुढे पैसे धरले. “दोन द्या.”

मी तोंड उघडणार, तोच मुलगी डोळे मिटूनच म्हणाली, “ते ड्यूटीवर नाहीत. ते माझे बाबा आहेत.”

“अच्छा,” गृहस्थ म्हणाले. ते काही हलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी अदबीने विचारलं, “मग ड्यूटी कधी सुरू होते?”

“उद्या सकाळी साडेनऊला,” मी म्हणालो.